चौकटीबाहेर राहिलेले मोठे मामा

अलीकडे आपल्या घरांतील कोणताही मोठा प्रसंग चित्रफितीवाचून पार पडत नाही. साखरपुडा असो, आजी-आजोबांच्या लग्नाची पन्नाशी असो, वर्षीतपाचे पारणे असो वा दुकानाचा सुवर्णमहोत्सव. सभागृहातील दिवे मंद होतात, पडदा उजळतो आणि जुनी छायाचित्रे एकामागून एक सरकू लागतात. पूर्वी हे काम स्टुडिओवाल्याकडे असे. आता घरातीलच कोणीतरी ते लॅपटॉपवर करतो, आणि निवृत्तीनंतर ज्याच्या हाताशी वेळ आहे त्याच्याकडे ते आपसूक चालत येते. आमच्या घरात तो मान माझा. या कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती तांत्रिक होती, पण तिचा अर्थ तांत्रिक लावला गेला नाही. म्हणून ती सविस्तर सांगतो.

२०२४ साली माझ्या मामांच्या बार्शीच्या दुकानाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. भुसार मालाचे हे दुकान १९७४ मध्ये दोघा भावांनी मिळून काढले. बारा वर्षांनी वाटणी झाली. धाकटे मामा बार्शीतच राहिले आणि मोठ्या मामांनी लातूरला नवे दुकान मांडले. वाटणी सामोपचाराने झाली असे सर्व जण सांगतात. वाटणीविषयी असेच सांगायचे असते. आज दोघेही हयात नाहीत. मोठ्या मामी ८४ वर्षांच्या आहेत आणि समारंभासाठी त्या लातूरहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत होती.

दुकानाच्या मुहूर्ताच्या दिवशीचे एकच छायाचित्र घरात शिल्लक आहे. उभे, कृष्णधवल. धाकटे मामा गादीवर बसलेले, पुढ्यात चोपडी. त्यांच्या मागे मोठे मामा उभे, डोक्यावर टोपी, उजवा हात धाकट्या भावाच्या खांद्यावर. अठरा मिनिटांच्या चित्रफितीत या एका छायाचित्रावर मी सर्वाधिक वेळ घालवला होता. ते स्कॅन करून घेतले, त्यावरचे ओरखडे पुसले, पडद्याच्या मधोमध हाताने नेमके बसवले. सभागृहात ते पडद्यावर आले तेव्हा धाकटे मामा व्यवस्थित दिसत होते. मागे काळ्या कोटातील एक धड होते, मिशीपासून वर काहीही नव्हते, आणि खांद्यावर एक हात होता. नऊ सेकंद ते चित्र तसेच राहिले.

जेवणे उरकल्यावर मामींनी मला जवळ बोलावले. आवाज न चढवता म्हणाल्या, "त्यांना वगळायचंच होतं, तर हात तरी कशाला ठेवलास रे?"

"मामी, ती कॉम्प्युटरची चूक आहे," असे मी म्हणालो खरा. परंतु हे वाक्य बँकेच्या काउंटरमागे बसून मी स्वतः अनेकदा उच्चारले आहे आणि त्यावर समोरच्याचा कितपत विश्वास बसतो हेही मला ठाऊक आहे. मामी काही बोलल्या नाहीत. त्याच रात्री मामेभावाच्या घरी माडीवर लॅपटॉप उघडून बसलो.

पहिला प्रश्न असा की, चूक फायलीत आहे की पडद्यावर? सभागृहात दाखवलेली तीच फाईल लॅपटॉपवर लावली. तिथेही मामांचे डोके नव्हते. म्हणजे पडदा चालवणारा मुलगा निर्दोष. मग संपूर्ण फीत पुन्हा पाहिली. एकंदर १५० च्या आसपास छायाचित्रांपैकी केवळ नऊ बिघडलेली होती. बाकीची जिथल्या तिथे. बँकेत ताळमेळ बसत नसला की आम्ही सगळ्या नोंदी तपासत बसत नसू. ज्या जुळत नाहीत त्यांच्यात समान काय आहे ते पाहत असू. येथे समान गोष्ट लगेच सापडली. ही नऊच्या नऊ छायाचित्रे मी हाताने मोठी करून, सरकवून बसवलेली होती. उरलेली सर्व प्रोग्रॅमने आपणहून चौकटीत बसवली होती आणि मी त्यांना हात लावलेला नव्हता. ज्यांच्यावर कष्ट घेतले नेमकी तीच बिघडली होती.

मग आदल्या रात्रीची गोष्ट आठवली. साडेदहाच्या सुमारास पडदेवाल्याचा फोन आला होता, "काका, सातशेवीसची फाईल द्या, आमचा कंट्रोलर जुना आहे." माझी फीत १९२० × १०८० या चौकटीत तयार झालेली होती. मी प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चौकट १२८० × ७२० केली, पहिले मिनिटभर पाहिले, सर्व ठीक दिसले, एक्सपोर्टचे बटण दाबले आणि झोपलो. पहिल्या मिनिटात हाताने बसवलेले एकही छायाचित्र नव्हते.

आता यात घडले काय ते पाहू. चलचित्राची चौकट पिक्सेलमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या बारीक ठिपक्यांमध्ये मोजतात. फुल एचडी चौकट १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असते. आपण एखादे छायाचित्र उंदराने ओढून मनाजोगते बसवतो तेव्हा आपल्याला वाटते की प्रोग्रॅमला आपला हेतू कळला: 'मामा मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत.' त्याला तसले काही कळलेले नसते. तो फक्त आकडे लिहून ठेवतो: केंद्र अमुक ठिकाणी, उंची १०८० ठिपके. हे आकडे १०८० उंचीच्या चौकटीत बरोबर होते. चौकट ७२० उंच झाली, आकडे तेच राहिले. १०८० उंचीचे चित्र ७२० च्या चौकटीत मधोमध धरले तर वरचे १८० आणि खालचे १८० ठिपके बाहेर जाणार. १०८० पैकी १८० म्हणजे एक षष्ठांश. त्या छायाचित्रात वरच्या एक षष्ठांशात मोठ्या मामांचा चेहरा होता. खालच्या एक षष्ठांशात गादीची कड आणि चादर. ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

सगळेच प्रोग्रॅम असे वागत नाहीत. दाविंची रिझॉल्व्हसारख्या प्रोग्रॅममध्ये चौकट बदलली तर आकडेही त्याच प्रमाणात सांभाळले जातात. आपला प्रोग्रॅम कोणत्या जातीचा हे ठाऊक नसेल तर साधा नियम पाळावा: एकदा छायाचित्रे बसवायला सुरुवात केली की प्रकल्पाच्या चौकटीला हात लावू नये. लहान फाईल हवी असेल तर ती एक्सपोर्टच्या खिडकीत मागावी. तिथे प्रोग्रॅम आधी संपूर्ण चित्र मूळ चौकटीत रचतो आणि मग रचलेले अख्खे चित्र लहान करतो. आतल्या वस्तूंची परस्परांतील जागा बदलत नाही. अट एकच, दोन्ही चौकटींचे गुणोत्तर तेच हवे. १९२० × १०८० आणि १२८० × ७२० ही दोन्ही १६ ला ९ या प्रमाणात आहेत, म्हणून पडदेवाल्याची मागणी अगदी बिनधोक पुरी करता आली असती. मी चुकीच्या खिडकीत बदल केला, एवढेच.

याच चुकीची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. समजा फीत १२८० × ७२० मध्ये रचली आणि दुकानाचे २०० × १०० आकाराचे चिन्ह उजवीकडे खाली ठेवले. त्याचा डावा-वरचा कोपरा १००० आणि ५८० वर. नंतर कोणी उत्साहाने चौकट १९२० × १०८० केली. आता चौकटीचा मध्य ९६० आणि ५४० वर आला. कोपऱ्यातील चिन्ह जवळजवळ पडद्याच्या मध्यात, वक्त्याच्या छातीवर येऊन बसते. दुरुस्ती म्हणजे सर्व आकडे दीडपट करणे: जागा १५०० आणि ८७०, आकार ३०० × १५०. आकडेमोड आपल्याला जड नाही. मात्र आधी हे कळले पाहिजे की चिन्ह हललेले नाही, चौकट मोठी झाली आहे.

आकडे कोठून मोजतात यावरही एकमत नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे विनामूल्य प्रोग्रॅम चित्राची जागा चौकटीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजतात. रिझॉल्व्हमध्ये शून्य म्हणजे चौकटीचा मध्य, आणि वर जायचे तर आकडा वाढतो. कोपऱ्यापासून मोजणाऱ्यांत आकडा वाढला की चित्र खाली जाते. एका प्रोग्रॅममधील आकडे वहीत टिपून दुसऱ्यात भरणाऱ्याची कशी फजिती होते ते मी स्वतः अनुभवले आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

एका चित्रफितीच्या मागे वस्तुतः चार चौकटी उभ्या असतात: छायाचित्राची स्वतःची, प्रकल्पाची, एक्सपोर्टची आणि शेवटी पडद्याची. जागा आणि आकाराच्या ज्या तक्रारी मी आजवर पाहिल्या, त्यांतील बहुतेक यांपैकी कोणत्या तरी दोघींचे न जमल्यामुळे उद्भवलेल्या होत्या.

छायाचित्राची चौकट घेऊ. मोबाईलचे साधे छायाचित्र बहुधा ४ ला ३ या प्रमाणात असते, पडदा १६ ला ९. हे दोन आकार एकमेकांत नेमके बसूच शकत नाहीत. मग दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. एक, संपूर्ण छायाचित्र दाखवायचे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोसायच्या. फुल एचडीत छायाचित्र १४४० रुंद होते आणि पट्ट्या २४० च्या दोन. दुसरा, पडदा पूर्ण भरायचा आणि वरखाली मिळून चौथा हिस्सा गमवायचा. उभ्या छायाचित्राची स्थिती याहून वाईट. ३ ला ४ प्रमाणातील उभे छायाचित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीवर ताणले तर त्याची उंची २५६० ठिपके होते आणि दिसतात त्यांतील १०८०. निम्म्याहून अधिक छायाचित्र बाहेर! तिसरा मार्ग म्हणजे चित्र दोन्ही दिशांना वेगवेगळे ताणून चौकटीत कोंबणे. त्याने पट्ट्या जातात, काही कापले जात नाही, आणि सगळे पाहुणे आडवे फुगतात. रिझॉल्व्हच्या सेटिंगमध्ये हे तीन पर्याय आणि 'आकार न बदलता मधोमध ठेवा' असा चौथा, एकत्र दिलेले असतात. इतर प्रोग्रॅमांत त्यांची नावे निराळी असतात. तो पर्याय पहिल्याच दिवशी, एकही छायाचित्र घेण्यापूर्वी पाहून ठेवावा. माझे मत विचाराल तर माणसांच्या छायाचित्रांना पट्ट्या पत्कराव्यात. मागे त्याच छायाचित्राची धूसर प्रत पसरली की पट्ट्या डोळ्यांना खुपतही नाहीत. काठ कापायचाच असेल तर तो डोंगरांचा आणि देखाव्यांचा कापावा.

आडवे पडलेले छायाचित्र हे आणखी एक दुखणे. मोबाईल उभा धरून फोटो काढला तरी आतील संवेदक बहुधा आपल्याच दिशेने ठिपके नोंदवतो आणि फायलीत एक बारीकशी सूचना जोडतो: 'दाखवताना इतके फिरवा.' या सूचनेची एक ते आठ अशी मूल्ये ठरलेली आहेत. जो प्रोग्रॅम ती वाचतो त्यात फोटो सरळ दिसतो, जो वाचत नाही त्यात आडवा. कधी संपादन करणारा भाग ती वाचतो आणि दुसऱ्या संगणकावरील जुनी आवृत्ती वाचत नाही. उपाय सोपा आहे. असे छायाचित्र फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये उघडून सरळ करावे आणि नव्या नावाने जतन करावे. मग ठिपकेच सरळ होतात, सूचनेची गरज उरत नाही.

स्कॅनिंगबाबत एक गैरसमज दूर करतो. दुकानदार विचारतो, '३०० डीपीआय की ६००?' छपाईसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चित्रफितीला त्या आकड्याशी कर्तव्य नाही, ती फक्त एकूण ठिपके मोजते. तीन बाय चार इंचांचा जुना फोटो ६०० वर स्कॅन केला की १८०० × २४०० ठिपके मिळतात आणि फुल एचडीसाठी ते पुष्कळ झाले. मात्र यातही एक खाचखळगा आहे. बऱ्याच प्रोग्रॅमांत आकार टक्क्यांत असतो आणि ते टक्के मूळ छायाचित्राच्या ठिपक्यांवर लागतात. २४०० उंचीचे छायाचित्र ४५ टक्क्यांवर १०८० होते आणि चौकट उंचीने बरोबर भरते. आता भाचीने तेच छायाचित्र रंग सुधारून व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवले. वाटेत ते आकसून १६०० उंचीचे झाले, आणि आपण जुन्याच्या जागी त्याच नावाने ते ठेवले. ४५ टक्के तसेच, पण चित्र आता ७२० उंचीचे. कोणीही काही हलवलेले नसताना मामा लहान होतात. म्हणून छायाचित्रे देवघेव करताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत. तशी पाठवली की आकार शाबूत राहतो. तयार झालेली चित्रफीतही त्याच मार्गाने पाठवावी.

प्रकल्पाची चौकट कोण ठरवते हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. आपण ठरवली नाही तर ती पहिली चित्रफीत ठरवते. शॉटकटमध्ये व्हिडिओ मोड 'ऑटोमॅटिक' ठेवला असेल तर प्रकल्पात प्रथम घेतलेल्या तुकड्याची मापे संपूर्ण प्रकल्पाला लागू होतात. केडेनलाइव्ह पहिल्या तुकड्याची मापे वेगळी असतील तर प्रकल्प बदलू का, असे विचारतो, आणि आपण घाईत 'हो' म्हणतो. नातवाने मोबाईल उभा धरून पाठवलेल्या शुभेच्छा जर प्रथम ओढून घेतल्या, तर सगळा प्रकल्प उभा होऊन बसतो. व्यापारी दिवाळीला नव्या चोपडीचे पहिले पान लिहूनच व्यवहार सुरू करतो. तद्वत पहिले काम म्हणजे १९२० × १०८०, चौरस ठिपके, सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे, हे स्वतःच्या हाताने लिहावे आणि मगच फोटोंच्या राशीला हात घालावा.

चौरस ठिपके असे लिहिले, त्याचे कारण जुन्या लग्नाच्या कॅसेट. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळापासून पाल ही पद्धत होती, आणि कॅसेटवरून डीव्हीडी केली की चौकट ७२० × ५७६ ची असते. भागाकार करून पाहा: १.२५. प्रत्यक्षात ते चित्र ४ ला ३, म्हणजे १.३३ प्रमाणात दाखवायचे असते, कारण त्यातील प्रत्येक ठिपका चौरस नसून किंचित रुंद, १६ ला १५ धरलेला आहे. एखाद्या प्रोग्रॅमने तो चौरस मानला की १९९० च्या दशकातील सगळे वऱ्हाड थोडे सडपातळ दिसू लागते. बायका यावर तक्रार करत नाहीत, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. त्या तुकड्याच्या गुणधर्मांत जाऊन गुणोत्तर ४ ला ३ करावे. चौरस ठिपक्यांत त्याचे माप ७६८ × ५७६ होते. हेच कारण उलट दिशेनेही लागू पडते. शॉटकटच्या एक्सपोर्टमध्ये प्रगत भाग उघडला की रिझोल्यूशन आणि गुणोत्तर असे दोन वेगळे रकाने दिसतात. एक बदलून दुसरा विसरला की सबंध फीत दबते किंवा फुगते.

चित्र हळूहळू सरकवण्याचा, मोठे करण्याचा जो परिणाम आपण सर्रास वापरतो त्याला अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांचे नाव पडले आहे. त्यासाठी सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा खुणा ठेवाव्या लागतात. त्यांना कीफ्रेम म्हणतात. छायाचित्र भलत्या ठिकाणी गेले म्हणून आपण ते पकडून जागेवर आणतो, पण त्या क्षणी सुई पहिल्या खुणेवर असते. दुसरी खूण जुनेच आकडे धरून बसलेली असते. चित्र बरोबर सुरू होते आणि सहा सेकंदांत पुन्हा बाहेर चालू लागते. खुणा दोन असतील तर दुरुस्तीही दोनदा करावी लागते.

काही वेळा या सर्व चौकटी जुळलेल्या असूनही संपादनाच्या खिडकीत एक आणि फायलीत दुसरेच दिसते. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. संथ लॅपटॉपवर प्रोग्रॅम मूळ तुकड्यांऐवजी त्यांच्या हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, दाखवत असतो आणि एक्सपोर्ट मात्र मूळ तुकड्यांवरून करतो. प्रॉक्सी बंद करून पाहिले की खरे चित्र समोर येते. दुसरे, ग्राफिक्स कार्डाच्या साह्याने होणारी प्रक्रिया बंद करून तेवढाच तुकडा पुन्हा एक्सपोर्ट करून पाहावा. चौकटीची मापे सम संख्येतच ठेवावीत, हेही येथेच सांगतो. सर्वत्र चालणाऱ्या एमपी-फोर फायलींत रंगाची नोंद साधारणपणे दोन बाय दोन ठिपक्यांमागे एक अशी ठेवतात, त्यामुळे १०८१ सारख्या विषम उंचीला काही प्रोग्रॅम साफ नकार देतात.

राहता राहिला पडदा. घरातील पुष्कळसे दूरदर्शन संच चित्र किंचित मोठे करून कडा झाकतात. काचेच्या नळीच्या जमान्यातील ही सवय अजून गेलेली नाही. संचाच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते, पण परगावच्या सभागृहात आपल्याला रिमोट कोण देणार? म्हणून प्रसारण क्षेत्रात पूर्वीपासून नियम होता की अक्षरे चौकटीच्या मधल्या ८० टक्क्यांत आणि महत्त्वाची हालचाल ९० टक्क्यांत ठेवावी. फुल एचडीत अक्षरांसाठी डावी-उजवीकडे १९२ आणि वर-खाली १०८ ठिपके मोकळे सोडावे लागतात. आजच्या संचांना इतकी सावधगिरी लागत नाही, तरी नावे आणि डोकी मी त्याच हद्दीत ठेवतो.

एलईडी भिंत हा वेगळा प्रकार. ती लहान लहान पेट्यांची रचलेली असते, आणि तिचा आकार मंडपाप्रमाणे ठरतो. अर्धा मीटर चौरस आणि १२८ ठिपक्यांच्या पेट्या आडव्या आठ व उभ्या पाच लावल्या तर भिंत चार बाय अडीच मीटरची, पण ठिपके फक्त १०२४ × ६४०. कंट्रोलरने आपले चित्र लहान करून दिले तर उत्तम. ते सेटिंग राहून गेले तर भिंतीवर चित्राचा डावा-वरचा तुकडा तेवढा दिसतो. ज्येष्ठांना उजवीकडे बसवण्याची आपली पद्धत असल्यामुळे नेमके तेच भिंतीबाहेर जातात. भिंतीची मापे आठवडाभर आधी विचारावीत, आदल्या रात्री साडेदहाला नव्हे.

त्या रात्रीनंतर मी प्रत्येक कामाच्या आरंभी एक तपासणीपत्र वापरू लागलो. कोणत्याही चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये १९२० × १०८० चा कोरा कागद घ्यावा. अगदी कडेला एक लाल रेघ, तिच्या आत ९० टक्क्यांवर एक हिरवी रेघ, मधोमध एक मोठे वर्तुळ आणि चार कोपऱ्यांत १, २, ३, ४ हे आकडे. हे पान प्रकल्पात पहिले टाकावे, त्याच्यामागे हाताने बसवलेले एखादे छायाचित्र ठेवावे, आणि तेवढे दहा सेकंद एक्सपोर्ट करून खुद्द त्या पडद्यावर लावून पाहावे. वर्तुळ अंडाकृती दिसले तर ठिपक्यांचे किंवा गुणोत्तराचे चुकले. लाल रेघ दिसत नाही पण हिरवी दिसते, तर पडदा कडा झाकतो आहे. एखादा आकडाच गायब असेल तर चित्र कापले जात आहे. वर्तुळ गोल, आकडे चारही हजर, पण सभोवती काळे, तर कुठेतरी चौकट लहान झाली आहे. तेरीज जुळली म्हणून प्रत्येक नोंद बरोबर असतेच असे नाही, तशीच या पत्राचीही मर्यादा आहे. म्हणून त्यामागे ते एक हाताने बसवलेले छायाचित्र. माझी चूक त्यानेच पकडली असती.

तयार फायलीचे खरे माप पाहण्यासाठी विंडोजमध्ये फायलीवर उजवी कळ दाबून गुणधर्मांतील तपशील उघडावा. चौकटीची रुंदी आणि उंची तिथे लिहिलेली असते. व्हीएलसी प्लेअरवर पाहणाऱ्यांनी जरा सावध राहावे. त्यात कळफलकावरील 'ए' दाबले की गुणोत्तर आणि 'सी' दाबले की काप बदलतो. चुकून बोट लागले तर चांगली फाईलही बिघडलेली दिसते. एका स्नेह्यांनी या कारणास्तव तीनदा एक्सपोर्ट केले होते.

बार्शीहून परतल्यावर मी प्रकल्प पुन्हा १९२० × १०८० केला, नऊही छायाचित्रे तपासली, फीत आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली आणि लॅपटॉप घेऊन लातूरला गेलो. मामी चष्मा पुसून स्वयंपाकघरातील टेबलापाशी बसल्या. मुहूर्ताचे छायाचित्र आले तशा म्हणाल्या, "थांबव." मी थांबवले. बराच वेळ त्या पाहत राहिल्या.

"टोपी तिरकीच आहे," त्या म्हणाल्या. "मी निघताना सांगितलं होतं."

मग त्यांनी त्याची कागदावर एक प्रत मागितली. चौकातील फोटोवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "आठ बाय दहा करून देतो, वरून थोडं कापलं जाईल, चालेल ना?" छायाचित्र ३ ला ४, कागद ४ ला ५. मी त्याला साडेसात बाय दहा छापून दोन्ही बाजूंना पाव पाव इंच पांढरे सोडायला सांगितले. "असं बरं दिसत नाही," असे तो दोनदा म्हणाला. मामींनी ते त्या पांढऱ्या पट्ट्यांसह काचेत बसवून घेतले आहे.